ठाणे-नवी मुंबईत मुलांसाठी घोडेस्वारीचा चांगला क्लास कसा निवडायचा?

रेवा_कोलशेत
नमस्कार मंडळी. लेक आठ वर्षांची, तिसरीत. उन्हाळ्यात माथेरानला दस्तुरीपासून वर घोड्यावरून गेली आणि तेव्हापासून तिने डोकं खाल्लंय. खूळ उतरेल म्हणून वाट बघितली, दिवाळी झाली तरी उतरलेलं नाही. आता क्लास बघायला घेतलेत.

घोडबंदर रोडच्या आसपास असेल तर उत्तम. ऐरोली, नेरूळ, खारघर, अगदी पनवेलपर्यंत जायची तयारी आहे. नेटवर बघितलं तर सगळीकडे हसऱ्या मुलांचे फोटो आणि पाच-पाच तारे. एकाने तर 'महिन्याभरात घोडा पळवायची गॅरंटी' असं लिहिलंय. आमच्या घरात घोड्याचा संबंध फक्त नवऱ्याच्या लग्नातला, आणि तोही घोडा भाड्याचा. त्यामुळे तिथे जाऊन नेमकं बघायचं काय तेच कळत नाही. वय योग्य आहे का? पडली तर? नावं व्यनित (खाजगी निरोपात) कळवा, पण निकष इथेच लिहा म्हणजे बाकीच्यांनाही उपयोग होईल.

बोरकूट
घोडबंदर रोडवर मॉल आहेत, टॉवर आहेत, मेट्रोचे खांब आहेत. घोडा तेवढा शोधावा लागतोय. वाचतोय.

मोगरा_सीवूड्स
रेवा, वय योग्य आहे. बरेच क्लास सहा-सातच्या पुढेच घेतात, कारण त्याआधी मुलांचे पाय खोगिराच्या खाली नीट पोचत नाहीत आणि सांगितलेलं लक्षातही राहत नाही.

माझा मुलगा बरेच दिवस शिकतोय. आमच्याकडे सुरुवातीचे काही रविवार त्याला वर बसवलंच नाही. घोड्याजवळ जायचं कसं तेच शिकवलं. मागून नाही, नाकासमोरूनही नाही, डाव्या खांद्याकडून, तोंडाने काहीतरी बोलत. मग खरारा, मग ब्रश, मग खूर उचलून आतली माती काढणं. गूळ द्यायचा तर तळहात सपाट, बोटं मिटलेली. नवरा गाडीत बसून धुमसत होता, "याचे पैसे भरलेत का आपण?"

एकदा चिरंजीवांनी घोड्याची दोरी हाताला गुंडाळून घेतली, सुटू नये म्हणून. सरांनी अख्खी बॅच थांबवली. ओरडले नाहीत. दोरी सोडवली, घडी घालून त्याच्या मुठीत दिली आणि सगळ्या मुलांना विचारलं, "घोडा आत्ता बुजला असता तर याचा हात कुठे गेला असता?" पोरं गप्प. माझ्या दृष्टीने फी तिथेच वसूल झाली.

त्यामुळे माझा एकच निकष. पहिल्याच दिवशी पोराला घोड्यावर चढवून फोटो काढून देतात तो क्लास नको.

शंकासुर
मोगराताई, पटलं नाही. आठ वर्षांचं मूल सहा महिने घोडा घोडा करतंय आणि तुम्ही त्याच्या हातात ब्रश देताय. माझ्या भाच्याला असंच लीद उचलायला लावलं, तिसऱ्या रविवारी तो म्हणाला, मी फुटबॉलला जातो. पहिल्या दिवशी दहा मिनिटं वर बसवलं, मोतद्दाराने लगाम धरून दोन फेऱ्या मारून आणल्या, तर काय बिघडतं? ओढ टिकली तर पुढचं शिकेल ना.

मोगरा_सीवूड्स
शंकासुर, लगाम धरून फेरी मारणं म्हणजे माथेरानच झालं की. ते तिने केलंय. पण 'फक्त ब्रश' नको हे मान्य. त्याच दिवशी थोडं वर, थोडं खाली असंही करतात काही जण. मुद्दा एवढाच की खालचं शिकवतात की नाही.

पागेवाले_काका
मी सैन्यात रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरमध्ये, म्हणजे लष्कराचे घोडे-खेचरं सांभाळणाऱ्या विभागात होतो, मेरठला बराच काळ गेला. आता निवृत्त, मुक्काम कळवा. या विषयावर न लिहिता राहवत नाही.

पहिली गोष्ट, गॅरंटी देणाऱ्याकडे जाऊ नका. घोडा पळवणं सोपं आहे, तो पळतोच. शिकायचं असतं ते त्याच्यावर बसणं. सुरुवातीला मुलाला लंजवर घ्यायला हवं. म्हणजे शिक्षक मध्ये उभा, हातात लांब दोरी, घोडा त्याच्याभोवती गोल. मुलाच्या हातात लगाम नाही. कधी रिकिबीही (पाय ठेवायच्या कड्या) काढून घ्यायच्या. असं केलं की मूल तोल शरीराने सांभाळायला शिकतं, लगामाला लटकून नाही. लगामाला लटकणारं मूल म्हणजे घोड्याच्या तोंडात सतत ओढला जाणारा लोखंडी तुकडा. बिचारा काही दिवस सहन करतो, मग एके दिवशी मान झटकतो आणि आपण म्हणतो घोडा वाईट.

बघायला गेलात की वर बसलेल्या मुलांकडे बाजूने बघा. कान, खांदा, कंबर आणि टाच एका रेषेत आहेत का? टाच खाली आहे का? नजर पुढे आहे की घोड्याच्या मानेवर? वर्ष वर्ष शिकणारी मुलंही पुढे वाकून, टाचा वर करून बसलेली दिसली तर शिक्षक मोबाइल बघत असणार.

दुसरं, घोडा म्हातारा असू दे. बारा ते अठरा वर्षांचा, सगळं बघितलेला, आळशी वाटणारा घोडा मुलांसाठी सोनं आहे. बरेच क्लास रेसकोर्सवरून निवृत्त झालेले थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचे घोडे घेतात. त्यात वावगं काही नाही, छान घोडे असतात. पण शर्यतीतून आलेल्या घोड्याला पहिल्यापासून शिकवावं लागतं. त्याला आयुष्यभर एकच सांगितलेलं असतं की बाजूचा पुढे गेला की तू पळ. ते शिकवणं न झालेला घोडा आठ वर्षांच्या मुलीखाली द्यायचा नाही. विचारा, हा घोडा कुठून आला, किती दिवस झाले, आधी कोणी फिरवला.

आणि पडण्याबद्दल. पडणारच. पडल्याशिवाय स्वार होत नाही. पडलं की लगेच परत बसवायचं, नाहीतर भीती कायमची बसते.

डॉ_स्नेहल_वाशी
काका, बाकी सगळ्याला अनुमोदन, शेवटच्या ओळीला नाही. मी बालरोगतज्ज्ञ आहे. खरचटलं, बुडावर आपटलं, तर बसवा जरूर. पण डोकं आपटलं असेल आणि मूल गोंधळलेलं, मळमळतंय, डोकं दुखतंय, तेच तेच विचारतंय, तर त्या दिवशी परत घोड्यावर नाही म्हणजे नाही. मेंदूला हादरा बसलेला असतो आणि त्यावर दुसरा मार बसला तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. 'हिंमत' वगैरे पुढच्या आठवड्यात.

रेवाताई, क्लासवाल्यांना हेच विचारा: "मूल पडलं तर तुम्ही काय करता?" ज्याला उत्तर तयार आहे तो विचार केलेला माणूस. "आमच्याकडे कोणी पडत नाही" म्हणाला तर उठा तिथून.

आणखी एक, धनुर्वाताची लस. घोड्याच्या लिदीत आणि तबेल्याच्या मातीत ते जंतू असतातच. ५ ते ६ वर्षांचा डोस आणि १० वर्षांचा डोस कार्डावर तपासून घ्या. १६ चाही असतो, ज्यांची मुलं मोठी असतील त्यांनी बघावं.

पागेवाले_काका
डॉक्टरीणबाई, आमच्या वेळी डोक्यावर आपटून परत बसलेले आजही ठणठणीत आहेत. पण तुमचं क्षेत्र आहे, वाद घालत नाही.

शंकासुर
जे ठणठणीत राहिले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येणार नाहीत काका. हलके घ्या.

हेल्मेटवाली
हेल्मेटचं कोणी बोलत नाहीये म्हणून. दुचाकीचं, सायकलचं, क्रिकेटचं हेल्मेट चालत नाही. घोडेस्वारीचं वेगळं असतं, मागे डोक्याच्या तळापर्यंत येतं आणि हनुवटीखालचा पट्टा तीन-चार ठिकाणी बांधलेला असतो. आत ईएन १३८४ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं मानक छापलेलं बघा. पट्टा न लावता हेल्मेट घालून डोकं हलवायला सांगा. हेल्मेट कपाळावर घसरत असेल तर माप चुकलं. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट, तडा दिसो न दिसो, बाद करायचं. क्लासची हेल्मेटं असतील तर विचारा, आपटलेली फेकता की ठेवता?

बूट: टाच असलेले, साधारण इंचभर. सपाट तळव्याचा बूट रिकिबीतून आरपार जातो आणि पडताना पाय अडकतो. सँडल घालून आलेल्या मुलांना बसवत असतील तर पुढचं काही बघायची गरज नाही.

बोरकूट
महिन्याची फी विचारली तेव्हा बायको म्हणाली, "शेवटी घोडा घरी आणून देतात का?" आम्ही कॅरम लावला.

खुरांचा_डॉक्टर
पशुवैद्य आहे, घोडे बघतो. सगळे मुलांबद्दल लिहितायत, मी घोड्याबद्दल लिहितो, कारण तुमची मुलगी ज्याच्यावर बसणार तोच अशक्त, दुखावलेला असेल तर बाकी हेल्मेट-बूट वाया.

कळवून जाऊ नका. दुपारी जा, बॅच नसताना. पाण्याची बादली भरलेली आहे का? घोडा दिवसाला २५ ते ४५ लिटर पाणी पितो, आपल्याकडच्या उन्हाळ्यात आणखी जास्त. तबेल्यात शिरल्यावर डोळे चुरचुरले तर मुताचा अमोनिया साठलाय, म्हणजे साफसफाई होत नाही. सावली आहे का? की पत्र्याखाली बांधून ठेवलेत? समोर वैरण आहे का? घोड्याचं पोट दिवसभर थोडं थोडं खाण्यासाठी बनलेलं आहे. नुसती चंदी (दाणा) देऊन वैरण कमी केली तर पोटदुखी होते, आणि घोड्याला उलटी करता येत नाही म्हणून ती पोटदुखी जिवावर बेतू शकते.

मग पाठ बघा. मानेच्या मागे जो उंचवटा असतो तिथे किंवा खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ते जन्मखूण समजू नका. जुन्या जखमेवर केस पांढरे उगवतात. बसत नसलेलं खोगीर महिनोन्महिने चढवलेलं असतं. एखादा ठिपका असेल तर विचारा, घोडा दुसरीकडून तसाच आलेला असू शकतो. सगळ्या घोड्यांना असतील तर ते तिथलेच. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान मागे पाडून चावायला वळतो का तेही बघा. दुखत असल्याशिवाय सहसा वळत नाही.

नालबंद कधी आला होता ते विचारा. नाल असो नसो, सहा-आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात. उत्तर मोघम आलं तर समजून जा. ग्लँडर्सची रक्ततपासणी केली का तेही विचारा. तो घोड्यापासून माणसाला होऊ शकणारा आजार आहे आणि कागद दाखवायला कोणाला त्रास व्हायचं कारण नाही.

आईबाबांना बसायची हौस असेल तर: घोड्याने स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार पाठीवर घेऊ नये असा ढोबळ नियम आहे, खोगिरासकट. ४०० किलोच्या घोड्याला ८० किलो.

बोरकूट
शेवटचा परिच्छेद वैयक्तिक घेतला आहे.

टिटवी
सगळे किती सहज बोलताय. मुळात आपल्या करमणुकीसाठी प्राण्याच्या पाठीवर बसायचं, तोंडात लोखंड घालायचं हे मुलांना शिकवायचंच का? मुंबईतल्या व्हिक्टोरिया (घोडागाड्या) २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवल्या त्या उगाच नाही.

खुरांचा_डॉक्टर
टिटवी, प्रश्न रास्त आहे. व्हिक्टोरियाच्या प्रकरणात घोड्यांची अवस्था हाच मुख्य मुद्दा होता. पण तबेला चालवायला पैसा लागतो आणि रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या घोड्याला चांगल्या क्लासने घेतलं नाही तर त्याचं पुढे काय होतं ते मी बघितलंय. दिवसाला दोन-तीन तास काम, आठवड्यात सुट्टी, बाकी वेळ मोकळा, अशा ठिकाणी घोडा वाईट जगत नाही. म्हणूनच विचारा, एक घोडा दिवसाला किती बॅचेस करतो?

टिटवी
आणि हे आईबाप विचारतात?

मोगरा_सीवूड्स
धागा त्यासाठीच तर आहे ना.

सुमा_खारघर
टिटवीशी थोडी सहमत, थोडी नाही. माझ्या मुलीचा अनुभव असा की घोड्याशी वागायला शिकल्यावर ती सोसायटीतल्या कुत्र्यांशीही वेगळी वागायला लागली. हे प्रमाण म्हणून सांगत नाही.

मुद्द्याचं: पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याकडे मैदानाचं काय होतं सगळ्यांना माहीत आहे. वरून झाकलेलं मैदान असेल तरच वर्षभर क्लास चालतो. नसेल तर चार महिने बंद, आणि फी मात्र वार्षिक. घेण्याआधी लेखी विचारा. चिखलात क्लास चालू ठेवणारे त्याहून वाईट, घोडा घसरतो आणि खुराच्या तळाला सड लागते, जवळ गेलं की वास येतो. मैदानात वाळू किती खोल आहे तेही बघा, बूट अर्धा बुडला तर घोड्याच्या पायावर ताण येतो.

पॉलिसीवाला
विमा क्षेत्रात आहे म्हणून सांगतो. आरोग्य विम्याच्या साहसी खेळांच्या अपवादात घोड्यांच्या शर्यतीचा उल्लेख असतो, पण अपवाद आहे तो व्यावसायिक म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी. हौसेने शिकणाऱ्या मुलाचा दावा त्या कलमाखाली नाकारता येऊ नये. तरी आपली पॉलिसी काढून ती ओळ वाचा. आणि क्लासच्या फॉर्मवर 'कोणत्याही अपघातास आम्ही जबाबदार नाही' असं असतंच, सही करण्याआधी निदान जवळचं रुग्णालय कोणतं आणि प्रथमोपचार येणारा माणूस हजर असतो का हे विचारून घ्या. रविवारी दुपारी घोडबंदर रोडवरून रुग्णवाहिका कशी जाते ते ठाणेकरांना सांगायला नको.

सुमा_खारघर
कोणाला आठवतंय का, २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याकडून ठरलेल्या चाली करून घ्यायच्या प्रकाराचं, सांघिक सुवर्ण? सुदीप्ती हजेला, दिव्यकृती सिंग, हृदय छेडा, अनुष अगरवाला. हृदय छेडा मुंबईचा. घोडेस्वारीत ४१ वर्षांनी सुवर्ण आलं होतं, १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर. आमच्याकडे तेव्हापासून पोरीने भिंतीवर ते कात्रण लावलंय.

शंकासुर
आणि चौघेही सराव युरोपात करत होते, घोडेही तिथलेच. कात्रण लावताना ते पण लावा.

पागेवाले_काका
शंकासुर, त्याचं कारण पैशापलीकडचंही आहे. घोड्यांच्या आजारांच्या नियमांमुळे इथला घोडा परदेशी स्पर्धेला नेणं जवळपास अशक्य होतं. २०२५ मध्ये मेरठच्या आमच्या केंद्रातल्या विभागाला रोगमुक्त म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, आता चित्र बदलेल. आणि १९८२ ला दिल्लीत सुवर्ण मिळवणारा रघुबीर सिंग लष्कराचा, ६१ कॅव्हलरी या घोडदळाचा. युरोप वगैरे काही नाही.

बोरकूट
रेवाताईंना रविवारचा क्लास हवा होता, आपण मेरठला पोचलो.

घणसोलीचा_गणू
एक विचारायचं राहिलंय सगळ्यांचं. लग्नसराईत क्लासचेच घोडे वरातीला जातात का? आमच्या ओळखीत असं झालं होतं. रात्री बाराला डीजे, फटाके, डांबरी रस्ता, आणि सकाळी सातला त्याच घोडीवर सहा वर्षांचं पोर. घोडी उभ्या उभ्या डुलक्या घेत होती. मागून कोणीतरी दार आपटलं आणि ती अशी उडाली की पोर थेट वाळूत. हात मोडला नाही हे नशीब. चौकशी केली तेव्हा वरातीचं कळलं, म्हणजे तीही वरातीमागूनच.

खुरांचा_डॉक्टर
गणू, अगदी महत्त्वाचं लिहिलंत. आयाळीत, शेपटीत जरीचे धागे, चमकी अडकलेली दिसते कधीकधी. तेवढं बघितलं तरी कळतं.

आईपण_ऐरोली
थोडं वेगळं विचारते. माझ्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, कोणीतरी घोडेस्वारी सुचवली. नेहमीच्या क्लासला पाठवता येईल का?

डॉ_स्नेहल_वाशी
घोड्याच्या चालीचा कमरेच्या स्नायूंना उपयोग होतो, पण तो उपचार म्हणून करायचा तर फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली, घोड्याच्या दोन्ही बाजूंना माणसं चालत असताना. नेहमीच्या क्लासला परस्पर नेऊ नका. वाचणाऱ्या इतरांसाठी: डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या मानेची तपासणी आधी करून घ्यावी लागते, वरच्या दोन मणक्यांतला सांधा सैल असू शकतो. तुम्हाला व्यनि करते.

दादरचा_पाहुणा
ठाण्याहून महालक्ष्मीला न्यायचा विचार केलात का? तिथला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२ पासूनचा आहे. सेंट्रलने दादर, तिथून वेस्टर्नने महालक्ष्मी. पहाटेच्या गाडीला गर्दी नसते.

रेवा_कोलशेत
आठ वर्षांचं मूल पहाटे उठवून दादरला गाडी बदलायची? दादर, मुलीला घोडा शिकवायचा आहे, मला नाही मरायचंय. :)

बरं, इतके प्रतिसाद आले म्हणून धागा सोडून दोन ठिकाणी जाऊन आले. दोन्ही वेळा दुपारी, न कळवता.

पहिलं ते गॅरंटीवालं. नाव देत नाही. चार घोडे पत्र्याखाली, एका बादलीत तळाशी हिरवट पाणी, बाकीच्या कोरड्या. एका पांढऱ्या घोडीच्या शेपटीत खरंच सोनेरी चमकी होती, गणू, मला हसावं की रडावं कळेना. हेल्मेटं खुंटीला टांगलेली, दुचाकीवर मागे बसणाऱ्यांना देतात तसली अर्धी. तिथला माणूस फार गोड बोलला, "मॅडम, आजची राइड फ्री, बेबीला बसवा". बेबी एका पायावर तयार. तिला ओढत गाडीत घालताना जे काही ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुसरं पनवेलच्या अलीकडे. बाई शिकवतात. दुपारची वेळ असूनही त्यांनी हाकललं नाही, पण लेकीला बसवायलाही नकार दिला, "घोडे जेवतायत". लसीचं कार्ड मागितलं. पडल्यावर काय करता विचारलं तर एक वही दाखवली, त्यात तारीख, मूल, घोडा, काय लागलं, घरच्यांना कधी कळवलं, सगळं. वही बघून नवरा घाबरला, मला उलट बरं वाटलं. पाठीवर पांढरे ठिपके एका घोड्याला होते. मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगितलं की तो दुसरीकडून असा आला आणि त्याला आता वेगळं खोगीर केलंय. लेक हिरमुसली होती, मग तिच्या हातात खरारा दिला. घोडी तिच्या फ्रॉकवर शिंकली. तो हिरवा डाग अजून निघालेला नाही आणि फ्रॉक धुवायला टाकायचा नाही अशी ताकीद आहे.

आता अडचण. एक, कोलशेतहून रविवारी जायला तासावर जातो. दोन, त्यांच्याकडे झाकलेलं मैदान नाही, जून ते सप्टेंबर बंद (फी घेत नाहीत त्या महिन्यांची). तीन, तट्टू एकच आहे आणि त्यावर आधीच बरीच मुलं. माझ्या मुलीला मोठा घोडा देतील म्हणाल्या, लंजवर. चालेल का काका?

पागेवाले_काका
लंजवर असेल आणि घोडा म्हातारा असेल तर बेशक. तट्टूच हवं असं काही नाही. उलट तट्टू कधीकधी जास्त खोडकर असतात. पाय रिकिबीत पोचतो का बघा, चामड्याच्या पट्ट्याला भोकं पाडून आखूड करता येतो. त्या वहीसाठी त्या बाईंना माझा सलाम सांगा.

शंकासुर
म्हणजे शेवटी पहिल्या दिवशी बसवलं नाही त्याच क्लासला पसंती. मोगराताई, पेढे.

मोगरा_सीवूड्स
शंकासुर, ब्रश हातात दिल्यावर फ्रॉक धुवायला देत नाहीये ती. तुमच्या भाच्याचं सांगा, फुटबॉल कसं चाललंय?

शंकासुर
सोडलं. आता गिटार.

टिटवी
रेवा, त्या बाईंच्या घोड्यांना दिवसाला किती बॅचेस असतात ते विचारलंत का?

रेवा_कोलशेत
विचारलं टिटवी. सकाळी दोन, संध्याकाळी एक, सोमवारी सुट्टी. भिंतीवर खडूने फळ्यावर लिहिलेलं होतं, घोड्याच्या नावासमोर.

टिटवी
ठीक आहे. मत बदललेलं नाही, पण ठीक आहे.

हेल्मेटवाली
रेवा, आत्ताच महागडी जोधपुरी पँट आणि गुडघ्यापर्यंतचे बूट घेऊ नकोस. पोरी चार महिन्यांत वाढतात. घट्ट बसणारी, आतून जाड शिवण नसलेली पँट आणि टाचेचे साधे चामडी बूट पुरतात. पैसे हेल्मेटमध्ये घाल.

माजिवडा_माणूस
तासाभराच्या रस्त्याची चिंता नको. माझी दोन्ही मुलं पनवेलकडे त्याच बाईंकडे जातात असं वर्णनावरून वाटतंय. (वही मीही बघितलीय, त्यात माझ्या धाकट्याची नोंद आहे.) रविवारची पहिली बॅच घ्या. सहाला निघालं तर ठाणे-बेलापूर रोड मोकळा मिळतो, येताना दहाच्या आत घरी. गाडीत मागे एक जागा आहे, आळीपाळीने नेऊ. फक्त येताना खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात, वास मुरतो.

रेवा_कोलशेत
अहो देवासारखे भेटलात. व्यनि केलाय. या रविवारी सहाला माजिवडा पुलाखाली?

बोरकूट
पुलाखाली म्हणजे कोणत्या बाजूला ते आत्ताच ठरवा. तिथे इतके रस्ते फुटतात की एकमेकांना शोधण्यात बॅच संपायची.